काडीपैलवान

माएस्त्रोंना ‘आपण राहता कुठे?’ असं विचारू नये. त्यांची पंचाईत होते. घर लुगानोच्या तळ्याकाठी आहे, पण ते बंद असतं. कोट-पाटलोणी मिलानच्या एका हॉटेलात टांगलेल्या असतात, दातांचा डॉक्टर म्युनिकमध्ये आहे, कर वाचवणारा वकील झुरिकमध्ये, आणि बायको सध्या कोणत्या शहरात आहे हे एजंटाच्या ऑफिसात फोन केला तर कळतं. स्वतः माएस्त्रो हमखास सापडतात ते फ्रँकफर्टच्या विमानतळावर.

कारायान ह्या बड्या कंडक्टरची एक गोष्ट ह्या धंद्यात सगळेच सांगतात. साहेब टॅक्सीत बसले. ड्रायव्हरने विचारलं, कुठे घेऊ? साहेब म्हणाले, कुठेही घे, मी सगळीकडेच हवा आहे. गोष्ट रचलेली असावी. पण १९५७ च्या सुमारास बर्लिन फिलहार्मोनिक, व्हिएन्नाचा सरकारी ऑपेरा आणि साल्झबुर्गचा महोत्सव ही तिन्ही दुकानं ह्या एकाच गृहस्थाच्या ताब्यात होती, वर मिलानच्या स्कालामध्ये जाणं-येणं होतंच. टॅक्सीवाल्याने गाडी कुठेही घातली असती तरी भाडं वाया गेलं नसतं.

ह्या मंडळींच्या पदांची नावं एकदा समजून घ्यायला हवीत, कारण कार्यक्रमपत्रिकेतल्या परिचयाचं पहिलं पान तीच खातात. म्युझिक डायरेक्टर किंवा चीफ कंडक्टर म्हणजे ज्याला मानधन आणि शिव्या दोन्ही पूर्ण मिळतात तो. वादक निवडायचे, देणगीदारांच्या बायकांशेजारी बसून जेवायचं, नगरपालिकेने अनुदान कापलं की वर्तमानपत्रात संतापायचं आणि वर्षातले दहा-बारा आठवडे त्या गावाला तोंड दाखवायचं. ह्याहून सुखाची जागा प्रिन्सिपल गेस्ट कंडक्टरची. हा दिवाळीला येणारा जावई. ताटाभोवती रांगोळी असते, गोडधोड तेवढं खातो, आणि छप्पर गळतंय हा विषय त्याच्यासमोर कोणी काढत नाही. त्यापुढे लॉरिएट, एमेरिटस वगैरे. म्हणजे आता जरा कमी या, फोटो आम्ही लावलेला आहे. सर्वांत वर ‘ऑनररी कंडक्टर फॉर लाइफ’. ही पदवी देताना समितीने लाइफ किती उरलंय ह्याचा मनातल्या मनात अंदाज घेतलेला असतो, आणि तो बहुधा चुकतो.

आमच्या माएस्त्रोंकडे ह्यातल्या तीन पदव्या तीन देशांत आहेत. वय ७९. केसांचं वय ४५. काळा बंद गळा, त्यावर खांद्यावर टाकलेला कोट, हात बाह्यांत घातलेले नाहीत. तो कोट पडत कसा नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. जन्म पूर्व युरोपातल्या अशा गावातला की राजवट बदलली तसं गावाचं नाव बदलत गेलं, त्यामुळे त्यांना चार भाषा येतात आणि चारही परक्या उच्चारांत येतात. हॉटेलात सूप मागवतानाही डावा हात आपोआप वर जातो आणि वेटर श्वास घेऊन तयार होतो.

सुरुवात मात्र कोणाचीच विमानात होत नाही. ती होते जर्मनीतल्या एखाद्या लहानशा गावच्या ऑपेराघरात, तळमजल्यावरच्या खोलीत, सुरात नसलेल्या पियानोसमोर. तिथे होतकरू माएस्त्रो गायिकांकडून जागा घोटून घेतो, कोरसकडून शब्द पाठ करून घेतो आणि पडद्यामागची चर्चची घंटा वेळेवर वाजवतो. कारायान १९२९ साली उल्मला लागले ते असेच. गुस्टाव्ह माहलर १८८० च्या उन्हाळ्यात बाड हाल ह्या गावी, पाण्याच्या उपचारांसाठी आलेल्या पाहुण्यांपुढे, हलक्याफुलक्या ऑपेरेटा वाजवून घेत होते. सतरा वर्षांनी ते व्हिएन्नाच्या ऑपेराचे संचालक झाले आणि त्यांनी उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांना दाराबाहेर उभं केलं. बाड हालच्या पाहुण्यांचा सूड व्हिएन्नाच्या उमरावांवर निघाला असावा.

मग लागतं दुसऱ्याचं आजारपण किंवा दुसऱ्याचा रुसवा. रिओ द जानेरोत १८८६ साली एक इटालियन कंपनी ‘आयदा’ करायला गेली होती. कंडक्टर रुसून गेला. दुसरा उभा राहिला त्याला लोकांनी हुर्यो करून खाली उतरवलं. शेवटी चेलो वाजवणाऱ्या १९ वर्षांच्या एका पोराला पुढे ढकललं. पोराची नजर अधू, त्यामुळे सगळं पाठ करायची सवय. त्याने समोरचं पुस्तक मिटलं आणि आख्खा ऑपेरा तोंडपाठ वाजवून घेतला. हे तोस्कानिनी. १४ नोव्हेंबर १९४३ ला न्यूयॉर्कमध्ये ब्रूनो वॉल्टरना फ्लू झाला, २५ वर्षांचा सहायक तालमीवाचून कार्नेगी हॉलमध्ये उभा राहिला, मैफल रेडिओवरून देशभर गेली आणि दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर लेनर्ड बर्नस्टाइन हे नाव होतं. तेव्हापासून प्रत्येक ऑर्केस्ट्रातला सहायक आपल्या वरिष्ठांच्या प्रकृतीची अगदी जातीने चौकशी करतो.

बापजाद्यांचा पैसा असेल तर ही वाट पाहावी लागत नाही. सर टॉमस बीचम ह्यांच्या आजोबांनी पोट साफ करायच्या गोळ्या काढल्या आणि त्या तुफान खपल्या. नातवाने त्या पैशातून ऑपेराचे हंगाम केले, पुढे लंडनमध्ये दोन ऑर्केस्ट्रे उभे केले. इंग्लंडच्या बद्धकोष्ठावर पोसलेलं ते संगीत अव्वल दर्जाचं होतं, हे त्यांच्या रेकॉर्डी ऐकणारा कोणीही कबूल करील.

माझा एक मित्र जर्मनीतल्या एका मध्यम शहराच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवतो. शहराचं नाव सांगत नाही, त्याची पेन्शन अजून व्हायची आहे. घराणं गोव्याचं, वाढला बांद्र्याला. बाप हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचा, पोरगं शिकायला गेलं ते तिकडचंच झालं. मराठी अजून चर्चमागच्या मैदानावर शिकला तशीच बोलतो. त्याच्या वशिल्याने माएस्त्रोंच्या तालमीला मला रिकाम्या थिएटरात बसायला मिळालं.

दहाची तालीम. दहाला पाच कमी असताना सायकलींची हेल्मेटं खुर्च्यांखाली गेली, थर्मास पायाशी आले, ओबोवाल्याने सूर दिला आणि सगळ्यांनी तो आपापल्या वाद्यात भरून घेतला. माएस्त्रो तीन मिनिटं उशिरा आले. वेळेवर आलं की नोकरीला असल्यासारखं दिसतं. त्यांनी पहिल्या व्हायोलिनच्या म्होरक्याचा हात दोन्ही हातांत घेतला, मग छातीवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, ‘मित्रांनो, घरी आल्यासारखं वाटतंय.’

(‘रॉटरडॅमला पण हेच बोलला,’ मित्राने मध्यंतरात सांगितलं. ‘तिकडे माझा दोस्त आहे.’)

ब्राम्सची तिसरी सिंफनी होती. तिच्या पहिल्या भागात सहाचे तीन-तीन करायचे की दोन-दोन-दोन, असा घोळ ब्राम्सने मुद्दाम घालून ठेवला आहे. माएस्त्रोंनी डोळे मिटून बराच वेळ वाजवू दिलं आणि त्या घोळाशी आल्यावर हात खाली केला. शांतता. ‘इथे,’ ते म्हणाले, ‘इथे एक रहस्य दडलेलं आहे. गेली कित्येक वर्षं मला ते दिसत नव्हतं. परवा, विमानात, दिसलं.’ आणि मग धुकं, नदी, पलीकडच्या काठावर उभं असलेलं कोणीतरी, असं बरंच काही आलं. सगळ्यांच्या हातात पेन्सिली आल्या. सगळ्यांनी खाली मान घालून लिहिलं. माएस्त्रो प्रसन्न झाले.

मध्यंतरात मित्राने आपल्या स्टँडवरची प्रत मला दाखवली. जुनी, कडा मऊ पडलेली, पाना-पानावर पेन्सिलीचे थर. एका ठिकाणी ‘हळू’, ते खोडून ‘हळू नको’, तेही खोडलेलं. रहस्याच्या त्या जागी ओळीच्या डोक्यावर एक चष्मा काढलेला होता. त्याच्या शेजारी दुसरा चष्मा, वेगळ्या हातचा. खाली तिसरा, त्याला भुवयासुद्धा होत्या.

‘चष्मा म्हणजे वर बघ, कंडक्टर काहीतरी करणार,’ मित्र म्हणाला. ‘हा माझ्या आधीवाल्याचा. हा त्याच्या आधीवाल्याचा असेल, मला माहीत नाही, तो मेला. हे रहस्य सगळ्यांनाच सापडतं रे.’

‘मग आज तू काय लिहिलंस?’

‘मी? मी पेन्सिल हलवली. ते पेन्सिल हलते का तेवढंच बघतात.’

माएस्त्रो लोक उपमांमध्ये बोलतात आणि वादकांना हवं असतं ते मोठ्याने की हळू, लवकर की उशिरा. ह्यावरून जीवघेणी भांडणं झालेली आहेत. १९८२ साली कार्लोस क्लायबर व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर बेटहोव्हनच्या चौथ्या सिंफनीची तालीम घेत होते. संथ भागातल्या एका जागी त्यांना दुसऱ्या व्हायोलिनांकडून ‘तेरेझ’ असं ऐकू यायला हवं होतं. तुम्ही ‘मारी’ वाजवताय, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तेरेझ येईना. क्लायबर उठले आणि गेले. मैफलीच रद्द केल्या. कोणत्या बाईपायी कोण घर सोडून गेलं ह्याच्या पुष्कळ कथा आपण ऐकतो, पण ह्या प्रकरणात बाई नव्हतीच.

मध्यंतर संपल्यावर घड्याळाचा अंमल सुरू झाला. भिंतीवरच्या घड्याळाकडे वादक बघत नाहीत. ते त्यांना पाठीने दिसतं. एकला दोन मिनिटं कमी असताना माएस्त्रो म्हणाले, ‘फक्त हे एवढं पुन्हा एकदा?’ वादकांच्या प्रतिनिधीने, तो ट्रंबोनवाल्यांत बसतो, फक्त आपली पाण्याची बाटली बॅगेत ठेवली. तालीम संपली. युरोपभर ज्यांच्यापुढे मंत्री उठून उभे राहतात ते माएस्त्रो एका बाटलीपुढे हरले.

बाहेर कॉफी पिताना मी विचारलं, ‘तुम्ही खरंच त्यांच्या काडीकडे बघता?’

‘स्टिककडे? कोपऱ्यातून. मी बघतो माझ्या पुढच्या डेस्कवरच्या बाईच्या गजाकडे. ती बघते कॉन्सर्टमास्टरकडे. तो बघतो त्याच्याकडे, मूड असेल तर.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘पण ऐक. नवा माणूस आला ना, त्याने स्टिक वर नेली की आम्हाला कळतं. खाली यायच्या आत निकाल लागलेला असतो.’

ही काडी म्हणजे हलक्या लाकडाची, बुचाची मूठ लावलेली, फूट-सव्वा फुटाची. पूर्वी तिच्या जागी सोटा होता. फ्रान्सच्या राजाचा लाडका संगीतकार लुली १६८७ साली राजाच्या दुखण्यातून उठण्याच्या आनंदात जमिनीवर काठी आपटून ताल देत होता. काठी पायाच्या बोटावर बसली, जखम चिघळली आणि लुली गेला. राजा पुढे २८ वर्षं जगला. त्यानंतर काठी हलकी होत गेली आणि माणूस जड होत गेला. बर्लिनचे फुर्टव्हेंगलर ती अशी थरथरवत खाली आणत की नक्की सुरू कुठे करायचं हे बाहेरच्याला उमजत नसे, तरी सगळे एकदमच सुरू होत. शिकागोच्या फ्रिट्झ राइनरांची खूण इतकी बारीक की मागच्या रांगेतल्या एका बासवाल्याने म्हणे तालमीला दुर्बीण आणली. दंतकथेला शेपूट आहे: दुसऱ्या दिवशी तो बासवाला नव्हता. रिचर्ड स्ट्राउस तर तरुणांना सांगून गेले की कंडक्टरने घामाघूम होऊ नये, ते काम श्रोत्यांचं. आमचे माएस्त्रो ह्यावर विश्वास ठेवतात, पण मैफलीला टीव्हीचे कॅमेरे नसतील त्याच दिवशी. कॅमेरे असले की पहिल्या भागातच कपाळावर थेंब उभे राहतात, तेही डाव्या बाजूला, जिकडे कॅमेरा असतो तिकडे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग हा माणूस करतो काय? ते सिंफनीत कळत नाही. सिंफनीत चांगला ऑर्केस्ट्रा कंडक्टरला न कळवताही पुष्कळ लांब जाऊ शकतो. त्यासाठी ऑपेराला जायला हवं, आणि जागा घ्यावी ती अगदी बाजूची, स्वस्तातली. तिथून रंगमंच अर्धाच दिसतो, पण वादक बसतात तो खड्डा पूर्ण दिसतो.

ऑपेरात कंडक्टरचे शत्रू वाढतात. दिग्दर्शक असतो, त्याने नायिकेला पाठ करून शिडीवर उभं केलेलं असतं. टेनर असतो, तो वरचा सूर लागला की तिथेच मुक्काम करतो. पडद्यामागे कोरस असतो, त्याला कंडक्टर फक्त टीव्हीच्या पडद्यावर दिसतो. शिवाय जर्मनी-ऑस्ट्रियातली मोठी ऑपेराघरं रोज खेळ बदलतात. पाहुण्या कंडक्टरला पुष्कळदा ऑर्केस्ट्राबरोबर तालीमही मिळत नाही. संध्याकाळी यायचं, सलाम करायचा, सुरू.

त्या आठवड्यात माएस्त्रोंचा ‘ला बोएम’ होता. पुच्चीनीच्या ह्या ऑपेराचा दुसरा अंक कंडक्टर लोकांच्या स्वप्नात येतो. नाताळची संध्याकाळ, पॅरिसचा रस्ता, कॅफेत मुख्य मंडळी, भोवती मोठ्यांचा कोरस, खेळण्यांच्या गाडीमागे धावणारा पोरांचा कोरस, आणि शेवटी रंगमंचावरूनच वाजत जाणारा लष्करी बँड. सगळे एकाच वेळी, सगळे आपापल्या घाईत. मी वरून बघत होतो. पोरं आली ती एक आवर्तन आधीच आली. चांगली तीस-चाळीस पोरं, अगदी जोशात, एकजात चुकीची.

मी माएस्त्रोंकडे बघत होतो म्हणूनच मला ते दिसलं. डावा तळहात ट्रंपेटवाल्यांपुढे आडवा झाला: थांबा. त्याच हाताची दोन बोटं व्हायोलिनांकडे गेली आणि पुढे उडाली: एक आवर्तन सोडा. उजवा हात ठोके देतच होता, तो जराही हलला नाही, म्हणजे हलत होता तसाच हलत राहिला. आणि तोंड वर करून माएस्त्रो पोरांचे शब्द पोरांबरोबर म्हणत होते, डोळे मोठे करून, आजोबा भरवताना करतात तसे. केसांची बट कपाळावर आली होती आणि ती मागे सारायची त्यांना आठवण नव्हती. दोन सेकंद, फार तर तीन. सगळं पुन्हा जागेवर. माझ्या शेजारच्या बाईंनी तेवढ्यात खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवला, त्यांना काही कळलं नाही.

मित्राला खाली येऊन गाठलं तेव्हा तो व्हायोला पेटीत ठेवत होता. ‘पाह्यलंस?’ तो म्हणाला. ‘त्याचे सगळे पैसे त्या तीन सेकंदांचे. बाकी कोट वगैरे आपण फुकट बघतो.’

गंमत म्हणजे माएस्त्रोंच्या लेखी ते घडलंच नव्हतं. खेळानंतरच्या जेवणात ते सगळ्यांना तिसऱ्या अंकातल्या आपल्या एका अतिमंद जागेबद्दल सांगत होते. बर्फ पडायचा थांबतो त्या क्षणाची शांतता आपण आज प्रथमच पकडली, असं त्यांचं म्हणणं. ती जागा कोणाला ऐकू गेली नव्हती. पोरांचं कोणीतरी काढलं तेव्हा ते म्हणाले, ‘कुठली पोरं?’ आणि मासा परत पाठवला.

ह्या जातीचा एक अस्सल नमुना आपल्या मुंबईने जगाला दिला. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. पारशी, गोवेकर, बँडवाले, मिळेल त्याला धरून बसवलेलं. बांद्र्याच्या प्रत्येक गोवेकराचा कोणी ना कोणी अंकल त्यात वाजवायला होता, निदान सांगतात तरी तसं. मुलगा झुबिन डॉक्टर होणार होता. तो नाद सोडून १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला. १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकला. बक्षीस काय, तर तिथल्याच ऑर्केस्ट्रात वर्षभर सहायकगिरी. आणि मग १९६१ मध्ये माँट्रियल, १९६२ मध्ये लॉस एंजेलिस. म्हणजे सव्विसाव्या वर्षी उत्तर अमेरिका खंडाच्या दोन टोकांना दोन ऑर्केस्ट्रे. पुढे न्यूयॉर्क, फ्लॉरेन्स, म्युनिकचा ऑपेरा. इस्रायल फिलहार्मोनिकने तर १९८१ साली त्यांना तहहयात नेमलं. अखेर २०१९ मध्ये त्यांनीच रजा घेतली.

त्यांच्या दोन रात्री मला फार आवडतात. पहिली १९९० ची, रोममधली, फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीची. पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास एका व्यासपीठावर. एक टेनर सांभाळताना चांगल्या चांगल्यांचे केस पांढरे होतात. इथे तीन होते, आणि तिघांनाही शेवटचा सूर आपलाच वाटत होता. मेहता मध्ये उभे होते आणि हसत होते. दुसरी १९९२ ची. ‘तोस्का’ हा ऑपेरा ज्या चर्चमध्ये, ज्या वाड्यात आणि ज्या किल्ल्यावर घडतो, नेमक्या त्याच ठिकाणी, कथेतल्या त्याच वेळांना तो गायला गेला आणि थेट टीव्हीवर दाखवला गेला. शेवटचा अंक भल्या पहाटे. गायक चर्चमध्ये आणि ऑर्केस्ट्रा भलतीकडे, स्टुडिओत. मेहता टीव्हीच्या पडद्यावर गायकांचे ओठ बघून काडी हलवत होते, गायक आडोशाला लपवलेल्या पडद्यांवर त्यांची काडी बघून गात होते. कंडक्टरच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचं इतकं नेमकं चित्र दुसरं नसेल: सगळीकडे हजर, आणि जागेवर कुठेच नाही.

खिशातल्या लहान डबीत ते मिरच्या बाळगतात, हे युरोपभर माहीत आहे. कोणत्याही राजवाड्यातलं कोणतंही अळणी जेवण असो, डबी निघते. माझ्या मते तिन्ही टेनर, तोस्का आणि सगळ्या पद्मपदव्यांपेक्षा ह्या डबीत त्यांचं मुंबईकरपण जास्त शाबूत आहे. २०१३ साली ते म्युनिकच्या ऑपेराचा ऑर्केस्ट्रा घेऊन श्रीनगरला, शालीमार बागेत वाजवायला आले. बाहेर त्यावरून बंद पुकारलेला होता, आत बेटहोव्हन. त्या दिवशीच्या जेवणात डबीची गरज पडली नसावी.

ह्या सगळ्या धावपळीला अपवाद म्हणजे तेच क्लायबर, तेरेझवाले. त्यांना कुठेही जायचं नसायचं. जगातला प्रत्येक ऑर्केस्ट्रा त्यांच्यामागे, आणि ते नाही म्हणत. घरातला फ्रीज रिकामा झाला की तेवढ्यापुरता तो मैफल करतो, असं कारायान त्यांच्याबद्दल म्हणत. १९९६ साली इंगोलश्टाटला ते वाजवायला तयार झाले, कारण ते आउडी गाड्यांचं गाव आहे. मानधन म्हणून त्यांनी गाडीच मागितली आणि घेतली. माझ्या मित्राच्या ऑर्केस्ट्रातले म्हातारे वादक कारायानबद्दल बोलताना विमान, नौका, मोटारी सांगतात. क्लायबरचं नाव काढलं की नुसते एकमेकांकडे बघतात, आणि मग कोणीतरी ती गाडी कोणत्या रंगाची होती ह्यावर वाद उकरून काढतो.

आता ह्या धंद्यात बाया येऊ लागल्या आहेत. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९९७ पर्यंत बाईला सभासदसुद्धा करून घेतलं नव्हतं. लंडनच्या प्रॉम्सची शेवटची रात्र १८९५ पासून चालत आलेल्या त्या उत्सवात २०१३ साली प्रथम एका बाईच्या, मॅरिन ऑल्सपच्या, हाती गेली. मी मित्राला विचारलं, फरक काय पडतो? म्हणाला, ‘वेळेवर येतात. आम्ही घाबरलो पहिल्यांदा.’

एक गोष्ट मात्र बाईमाणूस-पुरुषमाणूस सगळ्यांना सारखी: हे लोक टिकतात. दिवसाकाठी तीन-चार तास हात हलवत उभं राहणं आणि कोणीही उलट न बोलणं ह्यात काहीतरी औषधी असलं पाहिजे. ऑटो क्लेम्पेरर १९३३ साली तालमीत व्यासपीठावरून खाली कोसळले, १९३९ मध्ये मेंदूतली गाठ काढली, १९५१ साली विमानतळावर पडून कंबरेचं हाड मोडलं, १९५८ मध्ये अंथरुणात पाइप ओढताना पांघरूणच पेटवलं, आणि १९७१ पर्यंत वाजवून घेत राहिले. १९२७ साली जन्मलेले हर्बर्ट ब्लोमश्टेट पंच्याण्णव ओलांडून गेले तरी मैफली करत होते.

आणि पिएर माँतो. १९१३ साली पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्कीच्या नव्या बॅलेवर प्रेक्षागृहात हाणामारीची वेळ आली होती, तेव्हा ह्यांनी खड्ड्यात उभं राहून शेवटच्या सुरापर्यंत वाजवून घेतलं होतं, म्हणजे घाबरणाऱ्यातले नव्हेत. १९६१ साली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राची माणसं चीफ कंडक्टर व्हा म्हणून त्यांच्याकडे गेली तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. करार २५ वर्षांचा हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि तो संपल्यावर आणखी २५ वर्षांसाठी वाढवायची सोय त्यात हवी. ऑर्केस्ट्राने सही केली.

आमच्या माएस्त्रोंकडे सध्या २०३१ च्या ‘फाल्स्टाफ’ची बोलणी चालू आहेत, ऑपेराघरं इतक्या आधीच तारखा धरतात. एजंटाने अगदी जपून, आडून आडून, तब्येतीचा विषय काढला. माएस्त्रो गंभीर झाले. ते म्हणाले, बरोबर आहे, ह्याचा विचार करायलाच हवा; फाल्स्टाफ गाणारा तो पोरगा आत्ताच पन्नाशीला आलाय, तोवर टिकेल ना?